मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी: अडलेले काम पुढे नेण्याची रीत

लातूर, सातारा, रत्नागिरी किंवा जळगावहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या माणसाला पहिल्या वर्षात ज्या गोष्टींचा मनस्ताप होतो, त्या जवळपास ठरलेल्या आहेत. दाखला वेळेत मिळत नाही, मीटर न वाचताच विजेचे बिल येते, घरमालक अनामत रक्कम परत करत नाही, खात्यातून गेलेल्या पैशांबद्दल बँकेत कोणी सरळ उत्तर देत नाही आणि रात्री स्टेशनबाहेर रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो. गावाकडे तलाठी, ग्रामसेवक किंवा बँकेचे शाखाधिकारी ओळखीचे असतात आणि बरीचशी कामे शब्दावर होऊन जातात. मुंबईत आज खिडकीवर बसलेला कर्मचारी पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर असेलच असे नाही, त्याच्यापुढे दिवसभर रांग असते आणि त्याला तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून या शहरात एकच रीत उपयोगी पडते: तक्रार लेखी करावी, तिची पोच घ्यावी, मुदत मोजावी आणि मुदत संपली की न चिडता वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. दादर-परळ भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांना अर्ज लिहून देताना मला वारंवार हेच दिसले आहे की, हक्क नाही म्हणून काम अडल्याची उदाहरणे थोडी आहेत. हातात पोच नाही म्हणून अडल्याची मात्र पुष्कळ आहेत.

पहिली पायरी: काम कोणाचे आहे ते शोधा

मुंबईत नवख्या माणसाचा निम्मा वेळ चुकीच्या दारात जातो. या शहरात दोन महसुली जिल्हे आहेत. मुंबई शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमधील जुन्या जकात घरात आहे, तर मुंबई उपनगर जिल्ह्याचे वांद्रे पूर्वेला आहे. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके असून उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा जातीचा दाखला यांसारखी कामे महसूल खात्याच्या अखत्यारीत येतात. पाणी, कचरा, गल्लीतील रस्ते, गटारे, जन्म-मृत्यूचे दाखले आणि दुकानांचे परवाने ही कामे बृहन्मुंबई महानगरपालिकेची आहेत.

महापालिकेचा कारभार अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विभाग कार्यालयांतून चालतो. दादर जी उत्तरमध्ये येते, परळ एफ दक्षिणमध्ये, कुर्ला एल विभागात, घाटकोपर एन विभागात आणि मुलुंड टी विभागात. हा प्रशासकीय विभाग आणि नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभाग २२७ आहेत आणि एका विभाग कार्यालयाखाली असे अनेक प्रभाग येतात. अर्जावर विभागाचे अक्षर चुकले, तर तो अर्ज योग्य टेबलापर्यंत पोहोचण्यातच दिवस जातात. तुमचा विभाग कोणता, हे शेजारच्या घराच्या पाणीपट्टीच्या किंवा मालमत्ता कराच्या बिलावरून लगेच कळते.

विजेच्या बाबतीत शहर भागात बेस्ट, उपनगराच्या बहुतांश भागात अदानी किंवा टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण अशी विभागणी आहे. रस्त्यांचेही एकच मालक नाहीत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग पूर्वी एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, होते आणि २०२२ च्या अखेरीस ते महापालिकेकडे आले, त्यामुळे तिथल्या खड्ड्यांची तक्रार आता महापालिकेकडेच करायची असते. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारतीची दुरुस्ती म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या दुरुस्ती मंडळाकडे, झोपडपट्टी पुनर्वसनाचे प्रश्न झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आणि रेल्वेच्या हद्दीतील घाणीची किंवा बंद सरकत्या जिन्याची तक्रार रेल्वेकडे जाते. रेल्वेची मदतवाहिनी १३९ आहे. महापालिकेच्या कोणत्याही तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक चालतो. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये.

दुसरी पायरी: अर्ज आणि त्याची पोच

अर्ज मराठीत लिहावा. राज्य सरकारचा आणि महापालिकेचा कारभार मराठीतून चालतो, त्यामुळे मराठी अर्ज टेबलावरून टेबलावर सहज फिरतो. अर्ज एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नये. वर पदनाम आणि कार्यालय, खाली एका ओळीत विषय, त्यानंतर काय झाले ते तारखांसह चार-पाच वाक्यांत आणि शेवटी तुम्हाला नेमके काय हवे ते लिहावे. आपल्याला झालेला त्रास सविस्तर लिहिण्याचा मोह स्वाभाविक असतो, परंतु अर्ज वाचणारा कारकून मागणी शोधत असतो. «आमच्याकडे पाण्याची फार गैरसोय आहे, तरी लक्ष द्यावे» या अर्जावर कोणालाही काहीच करावे लागत नाही. «अमुक इमारतीच्या तळमजल्यावरील जलजोडणीला अमुक तारखेपासून सकाळच्या वेळेत पाणी येत नाही, तरी जागेची पाहणी करून त्याचा अहवाल मला लेखी कळवावा» या अर्जावर मात्र पाहणी करावी लागते, कारण ती झाली की नाही हे नंतर विचारता येते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक प्रत आवक-जावक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. या शिक्क्याकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. जांभळ्या शाईचा तो गोल किंवा चौकोनी शिक्का बऱ्याचदा अर्धाच उमटतो, तारखेचे चाक आदल्या दिवसावर राहिलेले असते आणि आवक क्रमांकाची रेघ कोरी सोडलेली असते. क्रमांक नसलेली पोच पुढे अपिलात फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून तिथेच उभे राहून, शांतपणे, «नोंदवहीतला नंबर तेवढा टाकून द्या» असे सांगावे. तो कर्मचारी त्रासिक चेहरा करील, पण नंबर टाकून देईल. कारण नोंद करणे हे त्याचेच काम आहे. घरी आल्यावर त्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढावा, कारण ही शाई काही महिन्यांत फिकट होते.

«साहेबांनी सही केल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही» किंवा «तुमची कागदपत्रे अपुरी आहेत, आधी ती आणा» असे सांगून अर्ज परत करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अशा वेळी कोणती कागदपत्रे कमी आहेत ते लिहून मागावे. लिहून देत नसतील तर वाद न घालता तोच अर्ज टपालाने पाठवावा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून आता स्पीड पोस्टच करावे लागते. त्याची पावती आणि अर्ज पोहोचल्याची ऑनलाईन नोंद या दोन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात.

कागदपत्रांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणा, असे अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. राज्य सरकारने २०१५ मध्येच बहुतेक कामांसाठी स्वयंसाक्षांकन (प्रतींवर स्वतःच सही करणे) आणि स्वयंघोषणापत्र मान्य केलेले आहे. त्याचप्रमाणे जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही, असे सरकारने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तहसील कार्यालयाबाहेर मुद्रांक घेऊन बसलेला माणूस तुम्हाला हे सांगणार नाही.

तिसरी पायरी: मुदत किती, ते विचारा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे, तरी रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना त्याची माहिती नसते. या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी तीन गोष्टी जाहीर करणे बंधनकारक केले आहे: ती सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, ती किती दिवसांत द्यायची आणि न दिल्यास अपील कोणाकडे करायचे. ही माहिती कार्यालयाच्या फलकावर असलीच पाहिजे. बहुतेक वेळा ती जिन्याच्या वळणावर किंवा कपाटाच्या मागे असते, पण असते. अर्ज देताना मिळणाऱ्या पोचपावतीवर अर्जाचा क्रमांक आणि सेवेची मुदत लिहून देणे हीसुद्धा कायद्यातली तरतूद आहे.

अर्ज शक्यतो राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून करावा, कारण तिथे तारीख आपोआप नोंदली जाते आणि ती नंतर कोणी नाकारू शकत नाही. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. सबळ कारण असल्यास ९० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटते, परंतु दंडाची नोंद अधिकाऱ्याला नको असते, आणि माझ्या पाहण्यातली बरीच रखडलेली कामे पहिले अपील दाखल झाल्यावर, त्याची सुनावणी होण्याआधीच मार्गी लागलेली आहेत.

ज्या कामांना अधिसूचित मुदत नाही, त्यांच्यासाठी २००५ चा एक कायदा उपयोगी आहे, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. सरकारी कार्यालयाला पाठवायच्या स्मरणपत्रात या कायद्याचा एका वाक्यात उल्लेख केला, तर त्या पत्राकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते.

चौथी पायरी: फाईल कुठे अडली, हे माहिती अधिकारात विचारा

माहितीच्या अधिकाराचा कायदा देशात २००५ मध्ये आला, पण महाराष्ट्रात त्याआधी २००२ पासून राज्याचा स्वतःचा कायदा होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. नवख्या माणसाने हा कायदा मोठे घोटाळे उघड करण्यासाठी आहे असे समजून त्यापासून दूर राहू नये. स्वतःच्या एका अर्जाचे काय झाले, हे विचारण्यासाठी तो तितकाच कामाचा आहे.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे जोडपत्र अ मध्ये, करायचा असतो. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. माहिती कशासाठी हवी, याचे कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. राज्य सरकारच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो आणि तिथे शुल्क ऑनलाईन भरता येते.

प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर अवलंबून असते. «माझे काम का झाले नाही?» असे विचारल्यास कारणे देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असे उत्तर येते. म्हणून जे कागदावर अस्तित्वात आहे तेच मागावे. एखाद्या रखडलेल्या अर्जासाठी मी साधारणपणे असे लिहून देतो: «माझा अर्ज, आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीच्या प्रती, सदर अर्ज ज्या अधिकाऱ्यांकडे व कर्मचाऱ्यांकडे गेला त्यांची नावे, पदनामे आणि प्रत्येकाकडे तो किती दिवस होता याची नोंद असलेल्या कार्यविवरण नोंदवहीच्या पानांच्या प्रती.» हा मजकूर कार्यालयात पोहोचला की आधी ती फाईल शोधावी लागते, आणि शोधलेली फाईल पुन्हा ढिगात ठेवणे अवघड जाते. इथेच आवक क्रमांकाचे महत्त्व कळते, कारण तो नसेल तर «असा अर्ज या कार्यालयात आढळून येत नाही» या एका ओळीवर सगळे संपते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे हे त्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. तो तुम्हाला परत करता येत नाही. प्रतींसाठी पानाला दोन रुपये पडतात. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ब भरून, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिले अपील करावे. त्याने समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील असते. आयोग जबाबदार माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे मात्र खूप प्रकरणे साचलेली असतात, म्हणून सारी मेहनत पहिल्या अपिलावर घ्यावी आणि त्याच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे.

रेल्वे, टपाल, पारपत्र कार्यालय, आयकर आणि राष्ट्रीयीकृत बँका या केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथे कोर्ट फी स्टॅम्प लावू नये; १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी किंवा केंद्राच्या संकेतस्थळावरून अर्ज करावा. तिथे पहिल्या अपिलाला शुल्क नाही. एवढ्याशा फरकामुळे कितीतरी अर्ज परत येतात.

पैसे मागितले तर

चहापाणी किंवा साहेबांचे काहीतरी, अशा शब्दांत मागणी होते. अशा वेळी जागेवर भांडू नये आणि हो असेही म्हणू नये. बाहेर येऊन लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करावा. सापळा लावायचा असेल तर विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, त्यामुळे पुरावा गोळा करण्याची घाई तुम्ही एकट्याने करण्याची गरज नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. मात्र द्यायला भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणाऱ्यावर तो गुन्हा लागत नाही. ही सात दिवसांची मुदत प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे, कारण गरजेपोटी पैसे देऊन बसलेले लोक आपणच अडकू या भीतीने गप्प राहतात.

भाड्याचे घर

मुंबईतील घरमालक आणि दलाल ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे बिनधास्त सांगतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा) प्रत्येक करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो. ती जबाबदारी मालकावर आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाईन होते आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आहे, त्यामुळे खर्चाचे कारण टिकत नाही.

अनामत रकमेची भांडणे घर सोडताना होतात, पण त्यांचा निकाल घर घेताना लागलेला असतो. अनामत रक्कम बँकेतूनच द्यावी आणि तिचा आकडा करारात लिहिलेला असावा. चावी परत करतानाच अनामत परत मिळेल, हे वाक्यही करारात घालून घ्यावे. राहायला जाण्याच्या दिवशी भिंतीची ओल, तुटलेली फरशी, गळका नळ आणि वीजमीटरवरचा आकडा यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका मुलीकडून रंगकामाच्या नावाखाली जवळजवळ सगळी अनामत कापली जाणार होती; तिने पहिल्या दिवशी पाठवलेला पोपडे निघालेल्या भिंतीचा फोटो आणि त्याखाली मालकाने स्वतः दिलेले «हो, माहीत आहे» हे उत्तर दाखवल्यावर बोलणे तिथेच थांबले. एवढे करूनही रक्कम मिळाली नाही, तर आधी लेखी मागणी, मग वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर न्यायालय, असा क्रम आहे.

विजेचे बिल

बिल अचानक दुप्पट आले, तर आधी बिलावर वाचन प्रत्यक्ष घेतले आहे की सरासरीने लावले आहे ते पाहावे आणि मीटरवरचा आकडा फोटोसह जुळवून घ्यावा. तक्रार कंपनीच्या ग्राहक कक्षात लेखी द्यावी. मीटर मालकाच्या नावावर असेल, तर त्याचे एक संमतीपत्र सोबत जोडावे.

वीज तोडण्याची धमकी मिळाली की माणसे घाबरून पूर्ण रक्कम भरून टाकतात आणि मग भांडण्याचा उत्साह राहत नाही. वीज कायदा २००३ चे कलम ५६ इथे आधार देते. किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पैसे भरताना «निषेध नोंदवून भरत आहे» असे पत्र द्यावे आणि त्याचीही पोच घ्यावी. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. दोन्हीकडे वकील लागत नाही.

बँक आणि फसवणूक

ऑनलाईन फसवणूक झाली, तर बँकेच्या शाखेत धावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून बाहेर जाण्याआधी गोठवता आले तरच ते वाचतात. लगेच बँकेलाही कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना, त्रयस्थ ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले असतील आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान तुमच्या माथी मारता येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान तुमचे असते, म्हणून तेव्हा तर मिनिटामिनिटाला महत्त्व आहे. बँकेच्या इतर तक्रारींसाठी आधी बँकेला लेखी कळवून ३० दिवस थांबावे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ती सेवा विनामूल्य आहे आणि १४४४८ वर माहिती मिळते.

रिक्षा, टॅक्सी आणि दुकान

भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली दंडनीय गुन्हा आहे. वाहनाचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ टिपून वाहतूक पोलिसांकडे किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये झाले.

दुधाच्या पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक-दोन रुपये जास्त घेऊन ते फ्रीजचे पैसे आहेत असे सांगण्याची प्रथा मुंबईत इतकी रुजली आहे की, गिऱ्हाईक स्वतःहून वरचे नाणे काढून ठेवते. कायद्यात असा वेगळा आकार नाही. छापील किमतीत सर्व काही आले आणि तक्रार वैध मापन विभागाकडे, म्हणजे वजने, मापे आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, करता येते. रोज दूध देणाऱ्या दुकानदाराशी वैर घ्यावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण ते पैसे देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. हॉटेलच्या बिलातील सेवा शुल्कही असेच ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. बिल देण्याआधी ते काढून टाकायला सांगावे.

शेवटची पायरी: ग्राहक आयोग

सदोष वस्तू, न दिलेली सेवा किंवा न परत केलेले पैसे यांबाबत आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. बऱ्याच कंपन्या तिथेच तोडगा काढतात. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत तक्रारदारांना मार्गदर्शन करते आणि नवख्या माणसाने तक्रार लिहिण्याआधी तिथे जाऊन बोलावे, असे मी आवर्जून सांगतो.

त्याने काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तुम्ही दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते आणि पाच लाख रुपयांपर्यंत शुल्क नाही. या कायद्यातील सर्वांत मोलाची सोय ही आहे की, कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळूरला, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. वकील बंधनकारक नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीसोबत पावती, कंपनीला पाठवलेली पत्रे किंवा ईमेल, त्यांची उत्तरे आणि घटनांचा तारीखवार तक्ता जोडावा. हा तक्ता स्वतः करावा, कारण आयोगाचे सदस्य सर्वप्रथम तोच वाचतात. मागणीत मूळ रक्कम, त्यावरील व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे चारही स्वतंत्रपणे लिहावे, कारण न मागितलेले सहसा मिळत नाही.

तारखा पडतात आणि प्रत्येक तारखेला सुट्टी घेणे नोकरदाराला परवडत नाही, म्हणून दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची परवानगी तक्रार दाखल करतानाच मागावी. निकाल तुमच्या बाजूने लागूनही कंपनीने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत लागते, आणि ती निकाल लागल्या लागल्या मागून घ्यावी.